हात बसण्याआधीच

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्री मुंबईची लोकल थांबली. २००६ च्या साखळी बॉम्बस्फोटांनंतर काही तासांत पुन्हा धावू लागलेली ही गाडी या वेळी सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत बंद राहिली. लोकल थांबली तसे रुळांवरचे अपघातही घटले. २०१९ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली होती. २०२० मध्ये हा आकडा अकराशेच्या आसपास आला. कुणालाही बरे वाटावे अशीच ही घट होती. पण शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा परळच्या केईएममध्ये शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी तिला आणखी एक अर्थ होता. रात्री-अपरात्री येणारा ट्रॉमाचा रुग्ण, चेंगरलेला पाय, फुटलेली प्लीहा, पोटात साचलेले रक्त, या साऱ्यावर त्यांचे प्रशिक्षण चाले. तो रुग्ण येईनासा झाला.

सर्जन कसा तयार होतो, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन जागा मिळवायची आणि तीन वर्षे रुग्णालयातच राहून काम करायचे, एवढे कागदावर दिसते. प्रत्यक्षात हे शिक्षण एका साखळीवर चालते. युनिटमध्ये पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, म्हणजे जेआर-वन, पहाटेपासून ड्रेसिंग करतो, रक्ताचे नमुने पाठवतो, एक्स-रेसाठी स्ट्रेचर ढकलतो आणि ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, उभा राहून रिट्रॅक्टर धरतो. त्या धरण्यातच त्याचे पाहणे होत असते. दुसऱ्या वर्षी गळू फोडणे, हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स अशा शस्त्रक्रिया त्याच्या वाट्याला येतात. समोर वरिष्ठ उभा असतो. तिसऱ्या वर्षी आतड्याला पडलेले भोक शिवायचे, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे आणि तेवढ्यातच धाकट्याला अपेंडिक्स शिकवायचे. पालखीला जसे भोई पाळीपाळीने खांदा देतात, तसा खांदेपालट इथे दरवर्षी होतो. व्याख्याने, जर्नल क्लब, थिसिस हेही असतेच. पण हात बसतो तो केसवर. आणि केस सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात येतात त्या गरिबांच्या. खाजगीत परवडत नाही म्हणून हर्निया चार-चार वर्षे बाळगून शेवटी ओपीडीच्या रांगेत उभे राहणारे हे लोक.

कोविडच्या महासाथीने आधी या रांगेवर घाव घातला. २० मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना केली. पाच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली. एसटी नाही, लोकल नाही, मग पालघरचा किंवा कर्जतचा रुग्ण परळला येणार कसा? एप्रिलमध्ये नायर रुग्णालय पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवण्यात आले. सेंट जॉर्जेसचे तेच झाले, आणि पुण्यात ससूनच्या नव्या अकरा मजली इमारतीत घाईघाईने कोविड कक्ष उभे राहिले. सर्जरीचे वॉर्ड रिकामे करून तिथे ऑक्सिजनच्या खाटा लागल्या.

बर्मिंगहॅम विद्यापीठातून चालणाऱ्या ‘कोविडसर्ज’ या संशोधकांच्या जाळ्याने मे २०२० मध्ये एक अंदाज मांडला. साथीच्या ऐन बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे ढकलल्या जातील. भारताचा वाटा ५ लाख ८० हजारांहून अधिक. ही गणिती मांडणी होती, मोजदाद नव्हे. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधल्या ४१ केंद्रांनी मात्र प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. मार्च ते मे २०१९ या काळात या केंद्रांत १७,१२० मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ८,६७७ झाल्या. कर्करोगाची शस्त्रक्रिया सहसा टाळता येत नाही. तीच निम्म्यावर येत असेल, तर हर्नियाची काय कथा?

रिकामे झालेले सर्जरीचे निवासी डॉक्टर अर्थातच रिकामे बसले नाहीत. मेडिसीन, छातीविकार आणि भूल या तीन विभागांच्या मनुष्यबळावर ही साथ पेलणे शक्यच नव्हते. मग सर्जरी, अस्थिरोग, नेत्र, त्वचारोग अशा सगळ्या विभागांच्या निवासी डॉक्टरांच्या कोविड ड्युट्या लागल्या. आठ-आठ तास पीपीई किट अंगावर, चष्म्यावर वाफ, पाणी प्यायची सोय नाही. काम काय, तर ऑक्सिजनची पातळी पाहणे, रुग्णाला पालथे झोपवणे, नातेवाइकांना फोन करणे, आणि फार मोठ्या संख्येने मृत्यूचे दाखले लिहिणे. ड्युटीची पाळी संपली की विलगीकरण. मग पुढची पाळी. सर्जरी शिकायला आलेल्याच्या हाती या काळात सर्जरीसारखे म्हणावे असे फार थोडे होते: फुप्फुसाभोवती हवा साचली तर छातीत नळी घालणे, मानेतल्या मोठ्या शिरेत लाइन टाकणे. व्हेंटिलेटर मात्र त्यातल्या बहुतेकांना चांगलाच समजला. एरवी सर्जरीचा विद्यार्थी ते यंत्र भूलतज्ज्ञांचे म्हणून सोडून देतो.

ज्या थोड्या शस्त्रक्रिया चालू होत्या, त्यांतूनही शिकाऊ डॉक्टर बाहेर पडला. महासाथीच्या प्रशिक्षणावरील परिणामांत हा भाग सर्वांत कमी चर्चिला गेला, आणि खरे तर सर्वांत खोलवर जाणारा होता. ओटीत कमीत कमी माणसे हवीत, शस्त्रक्रिया कमीत कमी वेळात उरकावी आणि त्यासाठी उपलब्ध असलेल्यांतल्या सर्वांत अनुभवी सर्जननेच ती करावी, असा सल्ला जगभरच्या तज्ज्ञ-संघटना देत होत्या. सल्ला चुकीचा नव्हता. ‘कोविडसर्ज’च्याच दुसऱ्या अभ्यासात २४ देशांतल्या १,१२८ अशा रुग्णांची माहिती होती, ज्यांना शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविडची बाधा झालेली होती. त्यांतले २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले. असे आकडे समोर असताना ‘चल, आज तू कर, मी समोर उभा राहतो’ असे कोणता प्राध्यापक म्हणेल? शिकवण्यासाठी लागणारी जादाची वीस मिनिटे हीच ओटीतली चैन ठरली. ती गेली, आणि तिच्याबरोबर रिट्रॅक्टर धरणारा तिसरा हातही गेला.

लॅपरोस्कोपीचे तर वेगळेच नाट्य झाले. पोटात भरलेला वायू बाहेर पडताना त्यातून विषाणू पसरेल, या भीतीने मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शक्यतो टाळायला सांगितले. भारतातही अनेक ठिकाणी दुर्बीण काही काळ कपाटात गेली. अपेंडिक्सच्या अनेक रुग्णांना आधी प्रतिजैविके देऊन पाहण्याचा मार्ग पत्करला गेला. ही भीती पुढे बरीच निवळली. पण तीस वर्षे ज्या तंत्राकडे सगळी सर्जरी सरकत होती, त्यापासून एक तुकडी ऐन शिकण्याच्या वयात काही महिने तुटली. गंमत अशी, की पोट उघडून अपेंडिक्स काढणे ही मागे पडत चाललेली गोष्ट काहींना त्यामुळेच शिकायला मिळाली.

सगळीकडे दारे बंदच झाली असे नाही. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाने कर्करोगाच्या शस्त्रक्रिया चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या दिवसांत तिथे ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. नंतर कोविडची बाधा आढळली ती फक्त सहा जणांना. हा अहवाल ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. टाटा ही एकाच रोगाला वाहिलेली संस्था. सर्दी-तापापासून सर्पदंशापर्यंत सारे अंगावर घेणाऱ्या केईएमशी किंवा ससूनशी तिची थेट तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही कोविड आणि बिगरकोविड रुग्णालये आणखी काटेकोरपणे वेगळी ठेवता आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न टाटाचे आकडे पाहिल्यावर पडतोच.

परदेशात या नुकसानाचे काय केले गेले? अमेरिकेत सर्जरीचे प्रशिक्षण पाच वर्षांचे, आणि तिथे हिशेब चोख असतो: प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचे तर किमान ८५० शस्त्रक्रिया नोंदवलेल्या हव्यात. महासाथीत अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने त्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना या संख्येत दहा टक्के सूट दिली आणि वर्षाकाठी ४८ ऐवजी ४४ आठवड्यांचे काम ग्राह्य धरले. कोविड वॉर्डातले दिवसही त्यात मोजले. जुलैमध्ये याच बोर्डाने लेखी परीक्षा घरबसल्या संगणकावर घ्यायचे धाडस केले, आणि ते पहिल्याच दिवशी कोसळले. कुणाला लॉग-इन होईना, कुणाच्या माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला. शेवटी परीक्षाच रद्द करावी लागली. घरातल्या टेबलाशी परीक्षेच्या सॉफ्टवेअरशी झगडणारे देशभरातले भावी सर्जन, हे दृश्य आपल्याकडच्या ऑनलाइन परीक्षांचे अनुभव घेतलेल्यांना दिलासा देणारे वाटेल.

ब्रिटनने वेगळी वाट काढली. तिथे दरवर्षी प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा आढावा होतो आणि त्याला एक क्रमांकित शेरा मिळतो. महासाथीसाठी ‘आउटकम १०’ हा नवाच शेरा तयार झाला. प्रगतीत जी उणीव राहिली ती महासाथीमुळे, व्यक्तीच्या दोषामुळे नव्हे, अशी त्यात अधिकृत नोंद होई आणि गरज असेल तर मुदत वाढवून मिळे. तिथल्या सामायिक ई-लॉगबुकमुळे २०२० मध्ये प्रशिक्षणार्थींच्या शस्त्रक्रिया निम्म्याच्या आसपास आल्याचे सरळ दिसत होते. नंतर एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने साचलेल्या शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत करवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आले की रुग्ण तिकडे गेले, पण शिकणारे इकडेच राहिले. शरद ऋतूच्या तोंडाशी करार करून प्रशिक्षणार्थींना खाजगी रुग्णालयांत प्रवेश मिळवून द्यावा लागला.

आपल्याकडे नेमका हाच हिशेब झाला नाही. एमएसच्या, म्हणजे शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्याने लॉगबुक ठेवायचे असते, ते प्रमुखाच्या सहीनिशी परीक्षेत मांडायचेही असते. पण अमुक इतके हर्निया, अमुक इतकी पित्ताशये स्वतःच्या हाताने केल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, असा देशभर एकसारखा, कुणीतरी खरोखर मोजून पाहणारा आकडा नाही. इथे वर्षे मोजतात. तीन वर्षे पुरी झाली, थिसिस मंजूर झाला, परीक्षा पार पडली, की सर्जन तयार. त्यामुळे महासाथीतल्या तुकड्यांचे किती नुकसान झाले, हे सांगणारी एकही राष्ट्रीय यादी नाही. न मोजलेले भरून तरी कसे काढणार?

चर्चा झाली ती परीक्षांची. २०२० मध्ये त्या लांबल्या. बाहेरगावच्या परीक्षकांनी व्हिडिओवरून तोंडी परीक्षा घेण्याची मुभा दिली गेली. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत अनेक निवासी डॉक्टर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले: आम्ही दीड वर्ष कोविडमध्ये राबलो, अभ्यासाला वेळ मिळाला नाही, परीक्षा न घेताच उत्तीर्ण करा. १८ जून २०२१ रोजी न्यायालयाने नकार दिला. उद्या रुग्णांवर स्वतंत्रपणे उपचार करणाऱ्यांना परीक्षेविना सोडता येणार नाही, ही भूमिका योग्यच होती. मात्र परीक्षेत जे तपासले जाते त्याच्या तयारीसाठी लागणारे रुग्ण या मुलांना मिळाले होते का, हा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत येणारा नव्हता, आणि इतर कुणी तो हाती घेतला नाही.

विद्यार्थ्यांनी तो फीच्या रूपाने विचारला. शिकवणी झालीच नाही तर वर्षाची फी कशाची, असे म्हणत ‘मार्ड’ या महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने १ ऑक्टोबर २०२१ रोजी संप पुकारला. बाहेरून पाहणाऱ्यांना तो पैशांचा वाद वाटला. त्यामागचे दुखणे पैशांपुरते नव्हते.

आणि मग ती साखळीच तुटली.

एप्रिल २०२१ मध्ये होणारी नीट-पीजी दुसऱ्या लाटेमुळे ऐनवेळी पुढे गेली. ३ मे रोजी पंतप्रधान कार्यालयाने ती किमान चार महिने होणार नसल्याचे जाहीर केले. नवी तुकडी येईपर्यंत शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना कामावर ठेवावे, असेही त्याच घोषणेत होते. परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आरक्षणाच्या वादात प्रवेशासाठीचे समुपदेशन अडकले, डिसेंबरमध्ये दिल्लीत डॉक्टर रस्त्यावर उतरले, महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनीही कामबंदचा इशारा दिला, आणि ७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला. २०२१ च्या उन्हाळ्यात यायची ती जेआर-वनची तुकडी २०२२ चे दोन महिने उलटता उलटता वॉर्डात पोचली. तोवर सर्जरीच्या युनिटांमध्ये तिघांऐवजी दोनच भोई होते. दुसऱ्या वर्षात गेलेला डॉक्टर अजूनही ड्रेसिंग करत, नमुने पाठवत, स्ट्रेचर ढकलत होता, कारण ते काम सोपवायला खाली कुणी नव्हते. शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्या करायला त्याला ओटीत पोचायलाच सवड नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनची लाट आली आणि राज्यभरात शेकडो निवासी डॉक्टर एकाच वेळी आजारी पडले. उरलेल्यांनी त्यांच्याही ड्युट्या केल्या.

या सगळ्यात एक उलटे उदाहरण आहे, आणि ते महाराष्ट्रात सर्वाधिक दिसले. दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. मधुमेह, स्टेरॉइडचा भडिमार आणि कोविड यांच्या संगमात नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि मेंदूकडे पसरणारी ही बुरशी. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते. सर्वाधिक, नऊ हजारांहून जास्त, महाराष्ट्रात. त्याआधी कान-नाक-घसा विभागाचा विद्यार्थी तीन वर्षांत असे मोजकेच रुग्ण पाहत असे. आता वॉर्डच्या वॉर्ड त्यांनी भरले. अॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुपी-कुपीसाठी वणवण चालली होती, आणि औषध मिळाले तरी सडलेला भाग काढल्याशिवाय ते पुरे पडत नव्हते. त्यामुळे दुर्बिणीतून सायनस साफ करणे, वरचा जबडा काढणे, नाइलाज झाला तर डोळा काढणे, आणि काही दिवसांनी त्याच रुग्णाला पुन्हा टेबलावर घेणे, हे सकाळ-संध्याकाळ चालू होते. एकट्या प्राध्यापकांना उरकणारे हे काम नव्हतेच. निवासी डॉक्टरांच्या हातात दुर्बीण आली, तीही त्यांच्या आधीच्या तुकड्यांना कधी मिळाली नसेल इतक्या वेळा. नेत्रविभाग, दंतशल्यचिकित्सा, न्यूरोसर्जरी आणि भूल एकाच टेबलाभोवती उभे राहिले. याच काळात कानाच्या पडद्याच्या आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया मात्र जवळपास थांबलेल्या होत्या. जबड्यापर्यंत पोचलेला आणि कानापर्यंत न पोचलेला असा एक विशेषज्ञ या साथीने घडवला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या काळातल्या ऑनलाइन शिक्षणाविषयी बरेच कौतुक झाले आहे, त्यामुळे थोडक्यात. वेबिनारचा पूर आला. नांदेडच्या किंवा मिरजेच्या विद्यार्थ्याला मोठमोठ्या सर्जनांची व्याख्याने खोलीत बसून ऐकता आली, हा खरा लाभ, आणि तो टिकलाही आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइलचा कॅमेरा बसवून लॅपरोस्कोपीचा सराव करणारेही जगभर अनेक निघाले. गाठी मारणे, टाके घालणे, पडद्याकडे पाहत हात हलवणे एवढे त्यातून जमते. रक्तस्राव सुरू झाल्यावर काय करायचे, हे खोके शिकवत नाही.

धोरणांमध्ये टिकून राहिलेला एक बदल मात्र वेबिनारपेक्षा महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, साथीची पहिली लाट शिगेला असताना, जिल्हा निवासी कार्यक्रमाची अधिसूचना निघाली: प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन वर्षांतले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे. तो लागू झाला २०२१ च्या तुकडीपासून, म्हणजे आधीच उशिरा आलेल्या मुलांपासून. राहायची सोय नाही, शिकवायला कुणी नाही, मूळ युनिटमध्ये माणसे अपुरी, अशा तक्रारी झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्याही असतात. पण मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात एका हर्नियाभोवती चार शिकणारे उभे असतात. जिल्हा रुग्णालयात सर्जन एक, फार तर दोन, आणि हर्निया, हायड्रोसील, गळवे, पायातली गँगरीन यांची रांग मोठी. तिथे गेलेल्या निवासी डॉक्टरच्या लॉगबुकात ‘असिस्ट केले’ याऐवजी ‘स्वतः केले’ असे लिहिण्याची संधी अधिक असते. महासाथीत अर्धवट राहिलेल्या तुकड्यांना, म्हणजे २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये प्रवेश घेतलेल्यांना, ही संधी नव्हती. कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्यांची तीन वर्षे भरली किंवा भरत आली होती. त्यांतले अनेक आज सहायक प्राध्यापक आहेत आणि जेआर-टूला अपेंडिक्स शिकवत आहेत.